पाऊस सुरू झाला की फ्लू का येतो? (गोव्यापुरता धागा)

बाल्कांवकर
नमस्कार मंडळी. मृग सरत आला की आमच्या घरात एकेकाची नाकं वाहायला लागतात, हे आता ठरून गेलंय. आधी धाकटा, मग त्याची आई, मग मी, शेवटी बाबा. ताप, अंग मोडून येणं, घसा असा की पेजसुद्धा गिळवत नाही. वाड्यावर विचारलं तर घरोघरी तेच.

माझी बहीण दिल्लीला असते. ती म्हणते फ्लू हा थंडीतला आजार, तुम्हाला भर पावसात कसा होतो? इंटरनेटवर शोधावं तर तिथेही सगळीकडे हिवाळा, बर्फ, शेकोट्या. आमच्याकडे जानेवारीत उलट सगळे ठणठणीत असतात, रात्र रात्र जत्रा फिरतात आणि कुणाला शिंकही येत नाही.

तर गोव्यात फ्लूचा मोसम नेमका कोणता? पावसात भिजण्याशी त्याचा काही संबंध आहे का? आणि लस घ्यायचीच तर कधी? आमच्या ऑफिसात दरवर्षी ऑक्टोबरात लशीचं शिबिर लावतात. त्याचा आम्हाला उपयोग होतो की नुसता दंड दुखतो?

डिचोलीची_माई
संबंध नाही कसा? ओल्या डोक्याने पंख्याखाली बसायचं, वर थंड सोलकढी प्यायची, आणि मग विचारायचं फ्लू का होतो. आमच्या आईने पावसाळाभर आम्हाला डोकं पुसल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मिऱ्याचा कढा घ्या आणि गप्प पडून राहा.

पुणेकर_सध्या_पर्वरी
माई, विषाणू अंगात नसेल तर नुसतं भिजून फ्लू होत नाही. तरी तुमच्या आईला मी पूर्ण चुकीचं ठरवणार नाही. २००५ साली ब्रिटनमधल्या कार्डिफला एक प्रयोग झाला होता. १८० लोक घेतले, निम्म्यांना २० मिनिटं गार पाण्यात पाय बुडवून बसवलं, बाकीच्यांना रिकाम्या घमेल्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत पाण्यात बसलेल्यांपैकी जास्त जणांनी सर्दीची लक्षणं सांगितली. त्यांच्या नाकात खरोखर विषाणू होता का, हे मात्र तपासलं नव्हतं. प्रयोग करणाऱ्यांचा अंदाज असा की नाकात आधीच दबा धरून बसलेल्या विषाणूला गारठ्याने वाव मिळत असावा. आणि हे साध्या सर्दीबद्दल. फ्लूचा विषाणू वेगळा.

डिचोलीची_माई
म्हणजे आई बरोबरच होती. बरं मरे.

मांडवीकाठ
मूळ प्रश्नाकडे येतो. जरा लांब लिहितोय, चालवून घ्या.

फ्लू थंडीत येतो हे युरोप-अमेरिकेपुरतं खरं आहे. २००७ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयात गिनीपिगांवर प्रयोग झाले. आजारी प्राणी एका पिंजऱ्यात, निरोगी शेजारच्या पिंजऱ्यात, मधून फक्त हवा जाणार. हवा २० अंश आणि कोरडी ठेवली की लागण भराभर. त्याच तापमानात सापेक्ष आर्द्रता ८० टक्के केली तर लागण थांबली. ५ अंशांवर लागण आणखी वाढली. ३० अंशांवर हवेतून लागण झालीच नाही. हिवाळ्याचा हिशेब यातून बराचसा सुटला. थंड कोरड्या हवेत खोकल्यातून उडालेले तुषार लगेच सुकून हलके होतात आणि तरंगत राहतात, विषाणू जास्त वेळ टिकतो, शिवाय नाका-घशातलं संरक्षक आवरण कोरडं पडतं.

पुढे संशोधकांच्या ध्यानात आलं की सापेक्ष आर्द्रतेपेक्षा निरपेक्ष आर्द्रता, म्हणजे एक घनमीटर हवेत प्रत्यक्ष किती ग्रॅम वाफ आहे, ती जास्त बोलकी. हा हिशेब आपल्याकडचा करून बघा. दिल्लीत जानेवारीच्या सकाळी ८ अंश तापमान आणि दाट धुकं असलं तरी घनमीटरला जेमतेम ८ ग्रॅम वाफ असते. पणजीत जानेवारीच्या पहाटे २० अंश, आर्द्रता पाऊणशे टक्के धरली तर १३ ग्रॅम. जुलैच्या दुपारी २८ अंश आणि ८८ टक्के धरा, २४ ग्रॅम. म्हणजे गोव्याला दिल्लीसारखा हिवाळा कधी लागतच नाही. तुमच्या बहिणीचं उत्तर तिच्या गावापुरतं बरोबर, पण तेही अर्धंच. दिल्लीतही पावसाळ्यात फ्लू वाढतो, थंडीतला फुगवटा त्याशिवाय.

शेवंती
वाचतेय. पण मांडवीकाठ, या हिशेबाने जुलैत आपल्याकडे विषाणू मेलाच पाहिजे ना? भिंतीला हात लावला तर पाणी निथळतं इकडे.

मांडवीकाठ
बरोबर पकडलंत. तिथेच ही थिअरी आपल्याकडे लंगडी पडते.

त्याच संशोधकांनी नंतर ३० अंशांवर आजारी आणि निरोगी गिनीपिग एकाच पिंजऱ्यात ठेवून पाहिले. तेव्हा लागण झाली. म्हणजे उष्ण दमट हवा दूरवरची लागण अडवते, पण जवळ-जवळ बसलेल्यांची अडवत नाही. दुसरी गोष्ट, तुषारातल्या विषाणूला कोरडी हवा मानवते, मधली आर्द्रता मारते आणि आर्द्रता १०० टक्क्यांजवळ गेली की तो परत टिकायला लागतो. मधल्या आर्द्रतेत तुषार अर्धवट सुकतो, त्यातले क्षार दाट होतात आणि विषाणूचं नुकसान करतात. हवा पूर्ण ओली असली तर तुषार सुकतच नाही, क्षार पातळच राहतात. आपला जुलै त्या टोकाला असतो.

२०१३ साली जगभरातल्या अनेक ठिकाणांची तुलना झाली. जिथे हिवाळा थंड आणि कोरडा, तिथे फ्लू हिवाळ्यात. जिथे तसा हिवाळा नाही पण एखाद्या महिन्यात १५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे फ्लू पावसाळ्यात. पणजीला एकट्या जुलैत ९०० ते १००० मिलिमीटर पडतो, त्यामुळे आपण कुठल्या गटात ते सांगायला नको.

फेरीबोट
एवढं शास्त्र कशाला? जुलैत संध्याकाळी साडेसहाला पणजीच्या बसस्थानकावरून कदंब (आपली सरकारी बस) पकडा. बाहेर धो धो, सगळ्या काचा बंद, आतल्या बाजूने वाफ धरलेली, ओल्या छत्र्या पायात आणि मागे कुणीतरी मानेवर खोकतोय. मे महिन्यात त्याच बसमध्ये सगळ्या काचा उघड्या असतात. फेरीबोटीचंही तेच. उन्हाळ्यात लोक कठड्याला टेकून वारा खात उभे असतात, पावसात सगळे त्या एवढ्याशा छपराखाली.

शेवंती
+१. घरातही तसंच. एरवी आम्ही अर्धा दिवस बाल्कांवात (घरापुढच्या व्हरांड्यात) असतो. पावसात दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत, वर दोरीवर न वाळणारे कपडे.

मास्तर_काणकोण
मंडळी, तुम्ही सगळे पावसाला धरून बसलात. मी शाळेत शिकवत होतो, माझ्या मते गुन्हेगार शाळा आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं शाळा जूनमध्येच उघडत आल्या. दोन महिने विखुरलेली पोरं एका वर्गात कोंबायची, एका बाकावर तिघं, पाण्याची बाटली एकच. पहिल्या पंधरवड्यात वर्गात खोकला सुरू झाला नाही असं वर्ष मला आठवत नाही. मग तोच खोकला पोरं घरी नेतात आणि आजोबांना देतात. पाऊस फक्त त्याच वेळी पडत असतो म्हणून नाव पावसाचं.

बाल्कांवकर, तुमच्याकडे पण आधी धाकटाच पडतो ना?

बाल्कांवकर
हो मास्तर, दरवेळी तोच. नंतर बाकीचे ओळीने.

मांडवीकाठ
मास्तर, शाळेचा वाटा आहेच. मुलं विषाणू जास्त दिवस बाहेर टाकतात आणि अंतर राखणं त्यांना जमत नाही. पण पाऊस आणि शाळा एकाच महिन्यात येतात तेव्हा दोष कुणाचा हे गोव्यात बसून कळणार नाही. ज्या गावात दोन्ही वेगवेगळ्या वेळी येतात तिथे बघायला हवं.

चेन्नई घ्या. शाळा तिथेही जूनमध्ये उघडतात. पण तिथला मोठा पाऊस ईशान्य मोसमी, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, आणि फ्लूचा जोरही त्याच महिन्यांत दिसतो. उलट टोकाला श्रीनगर. तिथे फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये उसळतो आणि त्यातला बराच काळ शाळांना थंडीची सुट्टी असते. पुणे, नागपूर, कोलकाता यांचा फ्लू आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या मागे. शाळा भडका वाढवते, पण मुहूर्त हवामान काढतं असं मला वाटतं.

मास्तर_काणकोण
चेन्नईचा मुद्दा मान्य. श्रीनगरचा नाही. शाळा बंद असली तरी लोक थंडीत एका बुखारीभोवतीच (शेगडीभोवती) बसतात. म्हणजे शेवटी माणसं दाटीने बसण्यावरच गाडी आली.

निळू_मडगाव
मास्तरांच्या बाजूने एक पुरावा. कोरोनातला २०२० चा पावसाळा आठवा. आर्द्रता तीच, ढग तेच, पाऊसही भरपूर. फ्लू कुठे होता? जगभर जवळजवळ नाहीसा झाला होता. फ्लूच्या बी प्रकारातली यामागाता नावाची शाखा तर मार्च २०२० नंतर खात्रीने कुणाला सापडलेलीच नाही, म्हणून आता लशीतूनही ती काढली. हवामान एकटं साथ आणू शकत असतं तर त्या वर्षी आलीच असती.

मांडवीकाठ
जबरदस्त मुद्दा. माझ्याकडे त्याला उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही. पावसाने दार लावून घ्यायला लावलं, पण आत माणसंच जमली नाहीत तर विषाणू जाणार कुठे?

पुणेकर_सध्या_पर्वरी
याची दुसरी बाजूही आहे. विषाणू नवा असेल आणि कुणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नसेल तर तो मोसम पाहत नाही. १९१८ साली मुंबईत स्पॅनिश फ्लूची पहिली लाट जूनमध्ये आली आणि दुसरी, खरी जीवघेणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्या वर्षी देशात पाऊस दगा देऊन गेला होता, दुष्काळ होता. म्हणजे दमट हवेचं कारण तिथे पुढे करता येत नाही. २००९ चा स्वाइन फ्लू पुण्यात ऑगस्टमध्ये पेटला, पण २०१५ साली त्याच एच१एन१ने राजस्थान-गुजरातेत फेब्रुवारीत हाहाकार केला. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ हा फ्लूचा दुसरा प्रकार होता. आपल्या देशात जानेवारी-मार्चचाही एक छोटा फुगवटा असतो, तो गोव्याने अगदी विसरू नये. डिसेंबरात इथे चार्टर विमानं भरून कोण येतं? ज्यांच्या देशात तेव्हा फ्लूचा भर हंगाम असतो तेच.

निळू_मडगाव
आणि ते एसीत बसतात. आम्हीही.

मांडवीकाठच्या हिशेबात एक आकडा राहिला. २४ अंश, ५० टक्के आर्द्रतेची एसी खोली काढा, घनमीटरला ११ ग्रॅमच्या आत येते. बाहेर जुलैची २४ ग्रॅमची हवा आणि पणजीतल्या पाटोवरच्या ऑफिसात आम्ही पणजीच्या जानेवारीपेक्षाही कोरडी हवा घेतोय. वर स्प्लिट एसी तीच हवा आतल्या आत फिरवतो, बाहेरची घेतच नाही. एक जण शिंकला की आठवड्याभरात अख्खी रांग आडवी. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत खिडक्या उघडायच्या ठरल्या होत्या. 'वीजबिल वाढतं' म्हणून ते बंद पडलं.

लॅबवाली
चर्चा छान चाललीय, पण माझ्या टेबलावरून थोडं. पावसातला प्रत्येक ताप फ्लू नसतो आणि तो तसा समजून घरी बसलेले लोक नंतर वाईट अवस्थेत येतात.

फ्लूत ताप एकदम चढतो, सोबत कोरडा खोकला, घसा, अंगदुखी. खोकला-सर्दी काहीच नाही, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंगावर पुरळ आहे तर डेंग्यूकडे बघायला हवं. शेतात, चिखलात अनवाणी काम केलंय, पोटऱ्या भयंकर दुखताहेत, डोळे लाल झालेत तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). मलेरियाही संपलेला नाही. यातले बरेच आजार पहिल्या दोन दिवशी एकमेकांसारखेच दिसतात, म्हणून तपासणी. सत्तरी तालुक्यातल्यांना माकडताप माहीत आहेच, पण तो काजूच्या हंगामातला, साधारण डिसेंबर ते मे, ऐन पावसातला नव्हे.

डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. तापाला पॅरासिटामॉल पुरे. लहान मुलांना फ्लूतही अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. फ्लूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी फार्मसीत जाऊन 'ते पाच दिवसांचं द्या' म्हणणारे रोज दिसतात. फ्लूचं खरं औषध ओसेल्टामिविर. ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त गुण येतो, आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर झाले, म्हातारं माणूस बरळायला लागलं, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला तर धागा वाचत बसू नका, थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ किंवा जवळचं इस्पितळ गाठा.

डिचोलीची_माई
बाय, हे बरं सांगितलंस. कढ्याने पोटऱ्यांचं दुखणं जात नाही हे मला पण माहीत आहे.

वाळपईकर
अवांतर: आमच्याकडे जुलैपासून खोकला असतो तो ऑक्टोबरपर्यंत जात नाही, ताप मात्र नाही. सगळे त्याला फ्लूच म्हणायचे. शेवटी कळलं, कपाटाच्या मागे भिंतभर बुरशी. जुनं मातीचं घर, कौलं गळतात, भिंत चार महिने ओली. कपाट पुढे ओढलं, भिंत खरवडून चुना दिला, तेव्हा आमच्या आजीची रात्रीची उबळ कमी झाली. ताप नसलेला आणि घराबाहेर गेलं की थांबणारा खोकला असेल तर आधी कपाटामागे बघा.

लॅबवाली
अगदी अवांतर नाही हे. दमेकऱ्याला आधी बुरशीचा त्रास आणि वर फ्लू झाला तर तो जास्त आजारी पडतो. खाणपट्ट्यातल्या धुळीचं आणि चुलीच्या धुराचंही तेच.

बाल्कांवकर
मंडळी, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. लशीचं मात्र राहिलं.

लॅबवाली
फ्लूची लस दरवर्षी बदलते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा त्यातले प्रकार ठरवते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात, पण आपला फ्लू जून-सप्टेंबरचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या हिवाळ्याच्या वेळचा. म्हणून आपल्याला दक्षिणेची, उन्हाळ्यात बाजारात येणारी लस मे महिन्यात घेतलेली सोयीची. श्रीनगरला मात्र ऑक्टोबरचीच योग्य.

तुमच्या ऑफिसचं ऑक्टोबरचं शिबिर निरुपयोगी नाही, जानेवारी-मार्चच्या फुगवट्याला ते उपयोगी पडतं. पण लशीचा जोर काही महिन्यांत ओसरत जातो. ऑक्टोबरात टोचलेली पुढच्या जूनपर्यंत बरीच ढिली पडलेली असते.

६५ च्या वरची माणसं, गरोदर बायका, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले आणि लहान मुलं यांनी आधी घ्यावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत, त्याच्यासाठी घरच्यांनी घ्यायची. नऊ वर्षांखालचं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. सरकारी मोफत लसीकरणात ही नाही, पदरचे पैसे जातात. आणि घेऊनही फ्लू होऊ शकतो. पण इस्पितळात भरती होण्याची वेळ बऱ्याच जणांवर येत नाही.

शेवंती
म्हणजे पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) यादीत टाकायची. सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या, लस.

फेरीबोट
लस वाळत घालावी लागत नाही हे बरं.

मास्तर_काणकोण
एक सूचना लिहून ठेवतो, शाळेतल्या कुणी वाचली तर. ताप असलेल्या पोराला घरी ठेवा असं आपण सांगतो आणि वर्षअखेर शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देतो. ते बक्षीस आधी बंद करा. वर्गाच्या वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्यांतून पावसाची झड येते हे खरं, पण दुसऱ्या बाजूच्या उघड्या ठेवता येतात. आमच्या वेळी शिपाई सरसकट सगळ्या लावून घ्यायचा.

बाल्कांवकर
लॅबवाली ताई, आमचे बाबा ७८ चे, मधुमेह आहे. यंदा त्यांना अजून काही झालेलं नाही, धाकट्याचा ताप कालच उतरला. आता जून संपत आला, आता घेऊन उपयोग आहे का? शिवाय त्यांना अंडं चालत नाही, अंगावर पित्त उठतं.

लॅबवाली
उपयोग आहे. टोचल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी संरक्षण मिळायला लागतं आणि मोसम सप्टेंबरपर्यंत चालतो. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळं गणगोत मूळ घरी जमतं, आरतीला एका खोलीत चाळीस माणसं, त्याच्या आत झालेलं बरं. अंड्याने नुसतं पित्त उठत असेल तर लस देतात, तरी टोचण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. घ्यायच्या दिवशी ताप नसावा. आणि धाकट्याला पुढचे काही दिवस आजोबांच्या खोलीत झोपवू नका.

बाल्कांवकर
तो तिथेच झोपतो हो. आजोबाच सोडत नाहीत. बघतो, सोमवारी म्हापशाला डॉक्टरांकडे नेतो बाबांना.

डिचोलीची_माई
छत्री घेऊन जा.